गोदाकाठ पूरसज्जता: आमच्या मंडळाच्या प्रकल्प नोंदी

5 एप्रिल

आज बैठकीत ठरलं. यंदा पावसाळ्याआधी नाशिकच्या रामकुंड ते गाडगे महाराज पूल या पट्ट्यातल्या दोन्ही काठांची पूरसज्जता मंडळाने हाती घ्यायची. मदतकार्य नव्हे. पूर ओसरल्यावर खिचडी वाटणं, दुकानांतला गाळ उपसणं हे 2016 ला केलं, 2019 ला केलं, पुढेही वेळ आली तर करू. पण ते पाणी येऊन गेल्यावरचं काम झालं. पाणी यायच्या आधीचे काही तास कोणाच्याच हातात नसतात आणि कोणाचं काय वाचणार, काय जाणार हे त्याच तासांत ठरतं.

माझं दुकान भांडी बाजारात, तांब्या-पितळेचं. 19 सप्टेंबर 2008 चा पूर वडिलांनी आधी दुकानाच्या पायरीवरून पाहिला, मग गल्ल्यापाशी उभं राहून आणि शेवटी पोटमाळ्यावरून. सूचना आलीच नव्हती असं नाही. गाडीवरचा लाउडस्पीकर फिरून गेला होता: नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचं म्हणजे माल उचलायचा, की शटर ओढून घरी जायचं, की वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर काढायचं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. बहुतेकांना थांबून बघावं असंच सुचलं.

म्हणून हा प्रकल्प. सूचना कानावर पडल्यानंतर पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येक घराने काय करायचं, ते उन्हाळ्यातच ठरवून ठेवायचं. कामं वाटली: घरोघरची यादी, रस्ते आणि निवाऱ्याची जागा, आवाजाची व्यवस्था, आणि संदेश. संदेश आणि ही वही माझ्याकडे.

11 एप्रिल

शेजारच्या वाड्यातल्या वहिनींचं माहेर श्रीवर्धनचं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा त्यांचे आईवडील आणि भाऊ तिथेच होते. लॉकडाऊनमुळे यांना इथून हलता येत नव्हतं. आज त्यांच्या घरी बसून फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या भावाशी तासभर बोललो. किनाऱ्यावरची माणसं घर सोडायचं कधी ठरवतात, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे बावटा लागतो. तीन नंबरचा बावटा लागला की होडी पाण्यात जात नाही. त्यावर वाद नसतो." बंदरावरचे हे बावटे 1 ते 11 क्रमांकांचे असतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. कोळ्याच्या पोराला तो शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतो. बावटा दिसला की काय करायचं ते आधीच ठरलेलं, म्हणून ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशाराही टप्प्याटप्प्याने येतो, तो नीट लिहून ठेवतो. वादळ किनाऱ्याला त्रास देईल असं दिसलं की 72 तास आधी पहिली चाहूल दिली जाते. किमान 48 तास आधी सावधगिरीचा यलो टप्पा. 24 तास आधी ऑरेंज, यात वादळ कुठे आणि साधारण किती वाजता किनारा ओलांडेल, वारा किती असेल, समुद्राचं पाणी किती चढेल हे येतं. चौथा रेड टप्पा 12 तास आधी. हा टप्पा मुख्यतः जमिनीवर आल्यावर वादळ पुढे कुठे जाईल, आतल्या जिल्ह्यांनी काय करायचं, यासाठी असतो. निसर्गच्या वेळी तो टप्पा आपल्यासाठीही होता. वादळ रायगडातून पुणे, नगर करत उतरत्या जोराने आपल्या जिल्ह्यापर्यंत आलं. त्या संध्याकाळी झाडं पडली, वीज गेली. समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून वादळाची बातमी दुसऱ्याची, असं धरून चालत नाही.

वहिनींच्या भावाला विचारलं, तुम्ही नक्की निघालात कधी? आदल्या दिवशी, दुपारचं जेवण उरकून. वडील तयार नव्हते, "कौलं धरून बसेन पण बाग सोडणार नाही" म्हणत होते. बाग सुपारीची, रोठा जातीची, आजोबांनी लावलेली. गावातल्या चार जणांनी मिळून त्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घराचं छप्पर गेलं, बाग आडवी झाली. माणसं सगळी शाबूत. ते सांगताना वहिनी उठून आत गेल्या. बागेचं दुःख त्या घरात अजून संपलेलं नाही. सुपारीचं झाड उभं राहून फळाला यायला वर्षं लागतात.

ओडिशाचं उदाहरण मी बैठकीत मुद्दाम सांगणार आहे. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवकांची पथकं तयार केली, दरवर्षी सराव सुरू केला. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. 2019 च्या फनीच्या वेळी बारा लाखांच्या आसपास लोक हलवले. वारा तेव्हाही भयंकर होता, घरं तेव्हाही पडली. फरक पडला तो माणसं वेळेवर बाहेर असल्यामुळे.

13 एप्रिल

किनाऱ्याकडून घ्यायचं ते घेतलं, आता आपल्यात आणि त्यांच्यात वेगळं काय आहे ते. चक्रीवादळ समुद्रात दिवस दिवस काढतं, उपग्रहावर दिसतं. गोदावरीचं तसं नाही. त्र्यंबक, अंबोलीच्या पट्ट्यात रात्रभर कोसळलं की कश्यपी, गौतमी ही वरची धरणं भरतात, ते पाणी गंगापूर धरणात येतं. धरण आधीच भरत आलेलं असेल तर विसर्ग वाढवावाच लागतो. धरण ते रामकुंड हे अंतर इतकं थोडं, की वाढलेला विसर्ग घाटावर जाणवायला दिवस लागत नाही, तास लागतात.

शिवाय धरणाखालीही पाऊस पडतोच. आनंदवली, सोमेश्वरच्या बाजूचे ओढे-नाले थेट नदीत येतात. म्हणून बातम्यांत दोन आकडे असतात, एक गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आणि दुसरा रामकुंडाजवळच्या होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा. आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा. बरेच जण पहिलाच ऐकून निश्चिंत होतात.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या, तसे 28 टँकर दर सेकंदाला पुलाखालून जातायत. हे सांगितल्यावर बैठकीत पहिल्यांदाच सगळे गप्प झाले.

19 एप्रिल

दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली मूर्ती. नाशिककराला पुराची मोजपट्टी ही एकच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मारुती बुडाला म्हणजे मोठा पूर. त्याहून जुनं माप नारोशंकर मंदिराच्या घंटेचं. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, असं जुनी माणसं सांगतात आणि 1969 चं नाव घेतात.

आज पंचवटीतल्या एका जुन्या दुकानदारकाकांबरोबर घाटावर फिरलो. वय ऐंशीच्या पुढे, पण 1969 चं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते काठीने दाखवतात. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती प्रकल्पाचा कणा ठरावी अशी आहे. पाणी घाटावरच्या रामसेतू पुलावरून यायच्या कितीतरी आधी सराफ बाजार आणि दहीपुलाकडे पाणी येतं, आणि ते नदीकडून चालत येत नाही. सरस्वती नाला खालून नदीला मिळतो. नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं, वरून आलेल्या पावसाच्या पाण्याला जायला जागा उरत नाही, मग ते गटारांच्या झाकणांतून रस्त्यावर फुटतं. सराफ बाजारातला माणूस मारुतीकडे नजर लावून बसलेला असतो आणि पाणी त्याच्या पाठीमागून येतं.

मारुतीवर माझी श्रद्धा आहे, दर शनिवारी मी तिथे जातो. पण मारुतीच्या कमरेचं पाणी आत्ता नदी कुठे आहे ते सांगतं. दोन तासांनी कुठे असेल ते होळकर पुलाचा आकडा आणि वरचा पाऊस सांगतात. निघायचं ठरवायचं ते त्यांवरून. हे काकांनाही पटलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी वरचं कळायचंच नाही रे. म्हणून मारुती."

26 एप्रिल

घरोघरची यादी सुरू. मल्हारखाण, गणेशवाडीचा नदीकडचा भाग, गोदाघाटाला लागून असलेले जुने वाडे, आणि काझीची गढी, म्हणजे नदीकाठचं मातीचं उंच टेकाड. गढीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पुराच्या पाण्यापेक्षा मातीचा धोका मोठा. पावसात कडेची माती सुटते आणि वरची घरं अधांतरी होतात. गढीवरच्या घरांना नदीची पातळी बघून चालणारच नाही. सलग दोन-तीन दिवसांची झड लागली की हलायचं, नदी कितीही खाली असो. त्यांची यादी वेगळी करतोय.

यादीत काय घेतो: घरात एकट्याने चालू न शकणारं कोण, गरोदर बाई आहे का, डायलिसिसला जाणारं किंवा ऑक्सिजनवर असलेलं कोण, रात्री घरात माणसं किती, गाय-म्हैस, गॅस सिलिंडर, वरचा मजला आपलाच की दुसऱ्याचा. फोन दोन, एक घरातला आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाचा. गल्लीतल्या सगळ्यांचे फोन एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून बाहेरचा हवाच. ही वही कोणाच्याही ग्रुपवर टाकायची नाही, फोटो काढायचा नाही. दोन प्रती, दोन माणसांकडे.

एका वाड्यात तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. खोलीत एक लोखंडी पलंग, त्याखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत बँकेचं पुस्तक, पेन्शनचे कागद, नवऱ्याचं मृत्यूपत्र आणि मुलीच्या लग्नातला शालू. सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर. मी म्हटलं, "आजी, ही ट्रंक निदान मे महिन्यात माळ्यावर ठेवू या." त्या म्हणाल्या, "माळ्यावर ठेवलीस तर मला लागेल तेव्हा काढून कोण देईल?" बरोबर होतं. मग ठरलं की कागद तेवढे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगायचे. ते लगेच केलं. शालूही त्याच पिशवीत हवा म्हणाल्या, तोही घातला.

खरा प्रश्न पुढे आला. मी विचारलं, सूचना आली तर निघाल ना? त्या गप्प बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मी जाईन रे, पण कुलूप कोण बघेल? मागच्या पुरात शेजारणीची भांडी गेली. पाण्याने नाही गेली." त्यानंतरच्या घरांत मी मुद्दाम हे विचारत गेलो, आणि घरामागून घर तेच उत्तर. पाण्याला भिऊन लोक निघतील, चोरीला भिऊन थांबतील. निवाऱ्याची जागा दाखवून भागणार नाही, राखणीची हमी द्यावी लागेल. प्रत्येक गल्लीत उंचावरच्या मजल्यावर मंडळाची दोन माणसं पूर ओसरेपर्यंत बसतील आणि कोणाची नावं आहेत ते गल्लीला आधीच माहीत असेल, असं ठरवलं. ही माणसं त्याच गल्लीतली हवीत.

3 मे

रस्ते. नियम एकच, आणि तो पोरांकडून पाठ करून घेतला: पुरात नदी ओलांडायची नाही. पंचवटीच्या काठाने पंचवटी कारंजाकडे वर चढायचं, नाशिकच्या काठाने रविवार कारंजाकडे. नातेवाईक पलीकडे राहतात म्हणून पुलाकडे धावायचं नाही. सराफ बाजारातून निघताना दहीपुलाचा सखल रस्ता टाळायचा, कारण 19 एप्रिलच्या नोंदीतलं नाल्याचं पाणी तिथेच साठतं. वाघाडी नाल्याच्या काठच्या घरांनी तर गोदावरीकडे तोंड करून निघायचंच नाही.

वाहत्या पाण्याबद्दल पोरांच्या डोक्यातून एक गोष्ट काढावी लागली. घोट्याच्या वर, अर्धा फूट जोराचं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. एक फुटात छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत मोठीही वाहून जाते. बुलेट जड असते म्हणून काही होत नाही, असं एकाचं म्हणणं होतं. त्याला घाटावर पुरानंतर गाळात रुतलेल्या गाड्यांचे फोटो दाखवले.

निवाऱ्यासाठी दोन्ही काठांवर उंचावरच्या शाळांच्या इमारती पाहिल्या. किल्ली कोणाकडे असते, रात्री अकरा वाजता तो माणूस कुठे असतो, संडास चालू आहेत का, पाण्याची टाकी भरलेली असते का, हे विचारत गेलो. इमारत मिळेल असं तोंडी सगळेच म्हणतात, त्यामुळे किल्ली असलेल्या माणसाचा फोन आणि त्याच्या शेजाऱ्याचा फोन, दोन्ही लिहून घेतले. परवानगीचं पत्र दिलं आहे.

9 मे

संदेशांवर दिवसभर बसलो. आधी वाटलं आपणही पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे करू. पण हवामान खातं जिल्ह्यासाठी तेच रंग वापरतं. जिल्ह्याला ऑरेंज आणि आमच्या गल्लीला लाल असं एकाच दिवशी आलं तर गोंधळ होणार. म्हणून रंग सोडले आणि तीन हाका ठरवल्या: उचला, हलवा, निघा.

उचला: जमिनीवरचं सामान, कागद, धान्य, दुकानातला माल वर. गाड्या पटांगणातून बाहेर. हे जिल्ह्याला जोराच्या पावसाचा इशारा असेल आणि धरण भरत आलं असेल तेव्हाच. रात्री नाही, संध्याकाळच्या आत.

हलवा: आजी-आजोबा, आजारी, गरोदर, लहान मुलं आणि जनावरं आधी. घाटावरचे फुलवाले, हातगाड्या, बुधवारच्या बाजारातली पालं आवरायची. म्हसोबा पटांगण, गौरी पटांगण इथे रात्री झोपणारी माणसं उठवून वर न्यायची. त्यांच्याकडे फोन नसतो, दार नसतं, आणि यादीतही ते नसतात. यासाठी दोन पोरं वेगळी ठेवली, त्यांनी दुसरं काही करायचं नाही.

निघा: घरातला प्रत्येक माणूस. मेन स्विच बंद, सिलिंडर बंद, कुलूप, पिशवी, बाहेर.

प्रत्येक संदेशात काय हवं तेही बांधून टाकलं. तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत, कारण कालचा संदेश आज फिरत राहतो. मग कोणती गल्ली, काय करायचं, कुठल्या रस्त्याने, किती वाजेपर्यंत, आणि पुढचा संदेश कधी येईल. शेवटची गोष्ट श्रीवर्धनच्या फोनवरून सुचली. ते म्हणाले होते, इशारा तीन-तीन तासांनी येत राहिला म्हणून माणसं शांत राहिली. पुढची खबर कधी मिळणार हे माहीत असलं की लोक अफवांच्या मागे जात नाहीत. "धरण फुटलं" ही अफवा मोठ्या पावसात उठतेच. आकडा फक्त जलसंपदा विभागाचा किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा घ्यायचा. नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीसाठी 112, रुग्णवाहिका 108. हे तीन क्रमांक प्रत्येक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतोय.

16 मे

आवाज. वीज गेली, टॉवर बंद पडला, पाऊस पत्र्यांवर बडवतोय, रात्रीचे दोन. गल्लीला उठवायचं कशाने?

2023 मध्ये केंद्राकडून चाचणीचे संदेश सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंग्यासारखे वाजले होते. ती सोय चांगली, फोन सायलेंटवर असला तरी वाजते. पण फोन चार्ज हवा आणि नेटवर्क हवं. म्हणून दुसरा आवाज हवाच.

ढोलाचा विषय निघणारच होता. नाशिक ढोल आमच्याकडे घरचा. रात्री गल्लीच्या टोकाला वाजवून पाहिला, आवाज सगळ्यांत लांब गेला. पण लोक खिडकीत येऊन मिरवणूक कुठली ते बघायला लागले. ढोल ऐकून माणूस रस्त्याकडे येतो, घर सोडून उंचावर जात नाही. मग आमच्या ढोल पथकातल्या एका मुलीने सुचवलं की ताल काढूनच टाकायचा. तीन ठोके, थांबायचं, तीन ठोके, थांबायचं, आणि थांबलं की मेगाफोनवरून एकच हाक. पुन्हा करून पाहिलं. या वेळी दारं उघडली आणि माणसं "काय झालं?" विचारत खाली आली. हेच हवं होतं. आता हे ठोके मिरवणुकीत कधीच वाजवायचे नाहीत, असं पथकाने सगळ्यांसमोर कबूल केलं.

ज्यांना ऐकू येत नाही अशी तीन-चार घरं यादीत आहेत. त्यांच्या दारावर एक माणूस प्रत्यक्ष जाणार.

22 मे

पिशव्या वाटल्या. आत घालायचं ते छापून दिलं: आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स, थोडी रोकड सुट्या नोटांत, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, पिण्याचं पाणी, बिस्किटं, ओआरएस, बाळाचं दूध, बायकांना लागणारे पॅड, चष्मा. चष्मा बहुतेक जण विसरतात. दुकानदारांना वेगळं सांगितलं: हिशोबाच्या वह्या आणि जीएसटीचे कागद आजच वरच्या मजल्यावर न्या, विम्यासाठी दुकानातल्या मालाचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

31 मे

आज सराव झाला. सकाळी सात वाजता, घाटावरची पूजेची गर्दी वाढायच्या आत. पोलीस चौकीला आणि अग्निशमन केंद्राला आधी कळवलं होतं.

वाड्यांतली माणसं अपेक्षेपेक्षा लवकर निघाली. ट्रंकेवाल्या आजी खुंटीवरची पिशवी घेऊन खुर्चीत बसूनच होत्या. दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं. जिना नव्हता तरी वाड्याच्या दिंडी दरवाजात खुर्ची अडकली, आडवी करून काढावी लागली. ऐन पावसात, अंधारात ते जमणार नाही. त्यांच्यासाठी चादरीची झोळी करून ठेवली आणि त्याच दारातून तिघांना बाहेर काढून पाहिलं. झोळी जाते.

वेळ सगळ्यांत जास्त गेला तो पटांगणातल्या गाड्यांवर. मालक बाहेरगावचे, दर्शनाला आलेले, फोन नंबर कुठेच नाही. यावर उपाय पार्किंगवाल्या पोरांशी बोलून काढला: पावसाळ्याचे चार महिने पावतीवर फोन नंबर घ्यायचा. काही जण ऐकतील, काही नाही. गाडीसाठी कोणी पाण्यात उतरायचं नाही, हे मात्र ठाम.

व्यापारी कमी आले. मी स्वतः दारोदार गेलो होतो. एका सराफांनी स्पष्ट सांगितलं, "तिजोरी सोडून मी जाणार नाही." त्यांच्याशी वाद घातला नाही. तिजोरी पहिल्या मजल्यावर न्यायला काय लागेल ते विचारलं, त्यांनी कारागिराला बोलावलं आहे. लोकांना निघायला लावायचं तर त्यांना थांबवून ठेवणारी गोष्ट आधी सोडवावी लागते. कुलूप असो, गाय असो, तिजोरी असो.

3 जून

आज निसर्गची तारीख. वहिनींनी भावाला फोन लावला आणि मलाही बोलावलं. सरावात एक प्रश्न अनुत्तरित राहिला होता, तो विचारला: परत कधी यायचं?

त्यांनी वादळाच्या डोळ्याचं सांगितलं. वादळाचा मध्य गावावरून जातो तेव्हा वारा एकदम पडतो, आभाळ उघडतं. संपलं समजून माणसं बाहेर येतात, छपरं बघायला जातात. आणि मग वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो. "आमच्या शाळेत गुरुजींनी दाराला आडवी काठी लावली होती. कोणालाही सोडलं नाही," ते म्हणाले.

गोदावरीवर वेगळ्या कारणाने तेच होतं. सकाळी पाणी उतरतं, लोक दुकानं धुवायला जातात, वर पुन्हा पाऊस होतो, विसर्ग वाढतो. शिवाय पाणी उतरल्यावरचे धोके वेगळेच. भिजलेला मातीचा वाडा उन्हात सुकताना बसतो, आणि भिंत पडते ती पूर गेल्यावर दोन दिवसांनी. मीटरमध्ये पाणी, गटाराचं पाणी विहिरीत, कपाटामागे साप. चौथी हाक ठरवली: या. नियंत्रण कक्षाकडून विसर्ग कमी झाल्याचं पक्कं कळल्यावरच ही हाक द्यायची. गल्लीत आधी वायरमन जाणार, मग जुन्या वाड्यांच्या भिंती पाहणारा गवंडी, मग घरातली दोन मोठी माणसं, आणि मुलं सगळ्यांत शेवटी. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरायचं नाही. लेप्टोचा ताप त्यातूनच येतो. पाणी उकळून प्यायचं.

9 जून

निफाडकडच्या चांदोरी, सायखेड्यातल्या मंडळांचे फोन मिळवले. आपल्या पुलाखालून गेलेलं पाणी पुढे त्यांच्याच दारात जातं, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याने तिथे तुंबतं. त्यांना आपला आकडा आपण निघताना लगेच कळवायचा. चांदोरीच्या एका शेतकरीदादांनी उलट सांगितलं की त्यांच्याकडे होड्या आणि पट्टीचे पोहणारे आहेत, गरज पडली तर हाक मारा. त्यांचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सिंहस्थाची कामं घाटावर चालू आहेत. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्नानाच्या मोठ्या पर्वण्या येतील, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा या पट्ट्यात आपल्या गल्ल्या ओळखीच्या नसलेली लाखो माणसं असतील. त्यांना कारंजा कुठे आणि दहीपूल कुठे हे कसं कळणार, यावर वेगळी बैठक लावली आहे. आखाड्यांच्या व्यवस्थापकांनाही बोलवायचं.

यादीत उरलेलं: गढीवरच्या सहा घरांची भाड्याच्या खोलीची सोय, मेगाफोनच्या जादा बॅटऱ्या, वाघाडीकडच्या गल्लीत अजून दारावर कागद लागले नाहीत. रात्रपाळी 15 जूनपासून, दोघे-दोघे, रात्री दहा ते पहाटे सहा. दर दोन तासांनी होळकर पुलाचा आकडा वहीत लिहायचा आणि वेळेसमोर सही करायची. पहिल्या रात्री मी आणि ढोल पथकातली ती मुलगी, सोबत तिचे वडील.